ऑपरेशननंतरही पोट साफ होत नाही

प्रश्न : माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. ६ महिन्यांचा असताना हिर्शस्प्रुंगच्या आजारासाठी त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. तरीही चार-चार दिवस शौचाला होत नाही. कोपऱ्यात पाय आवळून उभा राहतो, नंतर चड्डी खराब करतो. सासूबाई म्हणतात, एरंडेल दे. परवा रागाच्या भरात मी त्याच्यावर हात उचलला. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : झालं ते मनाला लावून घेऊ नका, पण पुन्हा हात उचलू नका. हा हट्ट नव्हे. एकदा कडक शौचाला दुखलं की मूल पुढच्या वेळी आवरून धरतं. मळ आणखी वाळतो, आणखी दुखतं. साठलेल्या खड्याच्या कडेनं पातळ मळ पाझरतो, तो त्याला कळतही नाही.

आधी बालशल्यचिकित्सकांना दाखवा. या आजारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात, म्हणून तो भाग काढतात. जोडलेली जागा अरुंद झाली आहे का, सदोष भाग थोडा राहिला आहे का, गुदद्वाराचा स्नायू सैल होत नाही का, हे तपासायला हवं. तसं असेल तर नुसत्या औषधानं भागणार नाही.

तसं काही नसेल, तर आधी साठलेला मळ काढून मग रोज मळ मऊ ठेवणारं औषध देतात. ते कित्येक महिने लागतं. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. एरंडेलानं मुरडा येईल आणि भीती वाढेल. एनिमाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर ५ ते १० मिनिटं बसवा; पोटात अन्न गेलं की आतड्याला चालना मिळते. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. शौचाला झालं नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्या. पालेभाजी, पपई, भिजवलेले मनुके आणि भरपूर पाणी द्या. दुधावर पोट भरू देऊ नका.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पोट फुगून ताठ झालं, ताप आला, हिरवी उलटी झाली, घाण वासाचे पातळ जुलाब लागले किंवा मूल मलूल पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. आतड्याला सूज आल्याची ही लक्षणं असू शकतात. ऑपरेशनला वर्षं उलटली तरी हे होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. जुलाब थांबवायची गोळी न देता तडक हॉस्पिटल गाठा. जाताना ऑपरेशनचे कागद बरोबर घ्या.