‘घरात सांगू नका’ म्हणणाऱ्यांनो, थोडं ऐका



दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे उत्तम आर्जवाच्या दिवशी, प्रवचन संपल्यावर आम्ही चार-पाच जणी मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. ओळखीतल्या एका घरावर बरंच कर्ज झालंय, दुकान बंद पडायची वेळ आलीय, असा विषय निघाला. समाजातले एक मोठे गृहस्थ जाता जाता म्हणाले, "मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, असलं काही घरात बोलू नको. बायका घाबरतात आणि मग गावभर होतं."

अर्ध्या तासापूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकलं होतं, की मनात एक, बोलण्यात दुसरं आणि वागण्यात तिसरं असू नये, हेच आर्जव!

मी गप्प बसले. वयाचा मान ठेवला. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, म्हणून आज लिहिते आहे. हा सल्ला चुकीचा आहे. नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या यजमानांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आठवडाभर पाण्यात होतं. चिखल काढून, माल भरून दुकान कसंबसं उभं राहिलं, तोच मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. रिझर्व्ह बँकेने हप्ते सहा महिने पुढे ढकलायची सवलत दिली होती. आम्हीही घेतली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. ते मुद्दलात चढत राहिलं.

यातलं मला काय माहीत होतं? पूर माहीत होता, लॉकडाऊन माहीत होता. "होईल सगळं नीट" हे वाक्य माहीत होतं. बाकी काही नाही. आमचे हे रात्री गाडी दारात लावून पाऊण-पाऊण तास आतच बसायचे. मला वाटायचं, फोनवर बोलत असतील. जेवण कमी झालं, रक्तदाबाची गोळी वाढली. एका रात्री सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मला काही झालं तरी काळजी करू नकोस, माझा विमा आहे."

मैत्रिणींनो, ते वाक्य ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. मी दिवा लावला आणि म्हटलं, "आत्ताच्या आत्ता सगळं सांगा. काय असेल ते." पहाटे चारपर्यंत बसलो. त्यांच्या तोंडून आकडे निघत गेले आणि मी मुलाच्या जुन्या वहीत लिहीत गेले. बँकेचं कॅश क्रेडिट ६,५०,०००. पतसंस्था ३,००,०००. सोनेतारण १,८०,०००. दोन क्रेडिट कार्डं मिळून १,६५,०००. तीन व्यापाऱ्यांची देणी २,४०,०००. तीन नातेवाइकांकडून हातउसने १,२५,०००. एकूण अकरा ठिकाणचं देणं, १६,६०,००० रुपये. सोनेतारणातल्या पाटल्या माझ्याच होत्या. त्या लॉकरमध्ये आहेत असं मी समजत होते.

आता ‘बायका घाबरतात’ म्हणणाऱ्यांना सांगते. हो, मी घाबरले. रडले, भांडले. पण बेरीज मांडून झाल्यावर यजमान काय म्हणाले माहीत आहे? "एवढंच आहे होय? मला वाटत होतं पंचवीसच्या पुढे गेलं असेल." दोन वर्षं त्या माणसाने एकदाही बेरीज केली नव्हती. धीरच होत नव्हता. अकरा जण रोज एकाच वेळी त्यांच्या डोक्यात उभे राहायचे. कागदावर आल्यावर ते ओळीने उभे राहिले. कर्जापेक्षा तो न मोजलेला बोजा त्यांना जास्त दाबत होता, आणि एकट्याने उचलायचा म्हणून जास्तच.

यात माझी चूक नाही असं म्हणणार नाही. मी १९८३ ची बी.कॉम. आहे. ताळेबंद, घसारा, सगळं शिकले. आणि पतसंस्थेच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही करताना एक ओळ वाचली नाही! "इथे कर" म्हटलं, केली. आपल्यातल्या कितीतरी जणी कौतुकाने सांगतात, "व्यवहारातलं मला काही कळत नाही हो, सगळं हेच बघतात." बायांनो, सही तुमची असेल तर देणंही तुमचं आहे. न कळण्यात कसली आलीय भूषणाची गोष्ट?

त्या वहीने काय केलं ते सांगते, म्हणजे मी नुसतं भांडत नाही हे पटेल. क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज होतं. १,६५,००० वर महिन्याचे ५,७७५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून ६,८१५. हे दरमहा ‘कमीत कमी रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे ८,२५० भरत होते आणि समाधान मानत होते. त्यातून मुद्दल फिटत होतं जेमतेम १,४३५ रुपये! इकडे माझा हार लॉकरमध्ये निवांत पडलेला. दुसऱ्याच आठवड्यात तो मोडला आणि दोन्ही कार्डं बंद केली. हार मोडताना वाईट वाटलं. पण पाटल्या माझ्या नकळत गेल्या होत्या, हार मी स्वतः दिला. यात फरक आहे.

मग एक एजंट आला. "काकू, सगळी कर्जं एकत्र करून देतो, फक्त बारा टक्के फ्लॅट." हे सही करायलाच निघाले होते. मी पेन घेतलं. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर. लाखाला तीन वर्षांचे ३६,००० व्याज, हप्ता ३,७७८. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर तो दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. पतसंस्थेपेक्षाही महाग! एजंटला चहा दिला आणि पाठवलं. घरात दुसरे डोळे असले की असं होतं.

एका बाबतीत मात्र माझं कॉमर्सचं गणित मी बाजूला ठेवलं. गणित सांगतं, जास्त व्याजाचं आधी फेडा, बिनव्याजी सगळ्यात शेवटी. पण कार्डांनंतर आम्ही मावससासूबाईंचे बिनव्याजी २५,००० फेडले. त्यांच्या दारावरून जायला नको म्हणून हे लांबच्या रस्त्याने दुकानात जात होते. ती ओळ वहीत खोडली त्या रात्री ते नीट झोपले. पुढचं फेडायला माणूस धडधाकट हवा की नको?

बाकी नियम साधेच ठेवले. सामायिक ४८ मिनिटांचं असतं, तर देण्यांचा हिशेबही आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, ४८ मिनिटंच. मुलगा-सूनबाईंसकट सगळ्यांनी बसायचं. बाकीचे सहा दिवस जेवणाच्या ताटावर कर्जाचा विषय काढायचा नाही. एका दिवशी एकच काम: एक फोन, किंवा एक अर्ज, किंवा एक भेट. बँकेत आम्ही दोघं मिळून गेलो आणि हप्ते बांधून मागितले. लपून राहिलेल्या माणसापेक्षा समोर येऊन बसलेल्याशी बोलणं त्यांनाही सोपं जातं. वसुलीवाले रात्री नऊला फोन करायचे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. हे मी त्यांना शांतपणे ऐकवलं. रात्रीचे फोन थांबले.

आता समाजाला दोन शब्द. त्याच वर्षी पूजेच्या सवालाला यजमानांचं नाव पुकारलं गेलं. दरवर्षी घेता, यंदा का नाही? सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. यापूर्वी दोन वर्षं त्यांनी त्या नजरांपायी उसने पैसे काढून बोली लावली होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "यंदा आमचं देणं आहे, आम्ही अभिषेकाला नुसतं पाणी घेऊन येऊ." मंडपात शांतता झाली. दुसऱ्याच्या पैशाने घेतलेल्या मानाला धर्म म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण लहानपणापासून घोकतो. कर्ज लपवण्यात त्यातला मान आहे आणि मायाही आहे. ते ‘घराण्याची अब्रू’ या नावाने झाकू नका.

"अशुभ कर्माचा उदय आहे, सहन करा" असंही एकीने सांगितलं. असेल उदय. पण निर्जरेसाठीही पुरुषार्थ लागतोच ना? आणि "पॉझिटिव्ह राहा" सांगणाऱ्यांनी निदान एक हप्ता तरी भरून बघावा.

अकरापैकी आता बँक आणि एक व्यापारी एवढेच उरलेत. पाटल्या परत आल्या, हार गेला तो गेला. दुकान लहान झालं, पण चालू आहे. आमचे हे गाडी लावली की सरळ घरात येतात.

तुमच्या घरी कोणी गाडीत बसून राहत असेल, फोन आला की गच्चीवर जात असेल, विम्याचे कागद कुठे आहेत ते विनाकारण सांगत असेल, तर वाट बघू नका. त्याच दिवशी विचारा. रागावून नाही, शेजारी बसून विचारा. जड जात असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि त्या गृहस्थांसारखा सल्ला कोणी दिला, तर माझ्यासारखं गप्प बसू नका.

या शनिवारी वही काढा.

जय जिनेंद्र.