गणितातला कामगार आणि भट्टीवरचा कामगार

श्वासावाटे आत गेलेला धातूचा कण फुप्फुसात कोठे बसतो आणि किती दिवसांनी बाहेर पडतो, याचे गणित शास्त्रज्ञांनी मांडून ठेवले आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 1994 साली श्वसनमार्गाचे प्रारूप प्रसिद्ध केले. ते युरेनियम, प्लुटोनियमसारख्या पदार्थांसाठी होते. पण कणाची वाट त्यातून नीट कळते. दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण बहुतांशी नाकातच अडकतात. एकदोन मायक्रॉनचे कण थेट वायुकोशांपर्यंत उतरतात आणि वेल्डिंगचा धूर तर त्याहूनही बारीक असतो. श्वासनलिकेतला कण कफाबरोबर बराचसा वर ढकलला जातो. वायुकोशात ती सोय नाही. तेथे भक्षक पेशी कण गिळतात, आणि न विरघळणारा कण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे तेथेच मुक्काम करतो. विरघळणारा रक्तात जातो. उंदराचे फुप्फुस माणसापेक्षा कितीतरी लवकर साफ होते, म्हणून प्रयोगशाळेतल्या उंदरावर विसंबून कोणी निर्धास्त राहू नये.

आता प्रश्न असा, की या गणितातला कामगार कोण? तो निरोगी आहे, नाकाने श्वास घेतो, थोडा वेळ बसतो, उरलेला वेळ हलके काम करतो आणि तासाला सरासरी 1.2 घनमीटर हवा घेतो. याच आयोगाने 1975 साली 'प्रमाण पुरुष' ठरवला, तेव्हा तो पश्चिम युरोप वा उत्तर अमेरिकेतला गोरा माणूस, असे स्पष्ट लिहिले होते. अवजड कामात हीच हवा तासाला 3 घनमीटर होते, हेही 1994 चेच प्रारूप सांगते. शिवाय धाप लागली की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि नाकाची गाळणी निकामी होते. म्हणजे दोष गणिताचा नाही; त्यात आकडे कोणाचे भरले, हा वाद आहे.

अलंगच्या किनाऱ्यावर गॅसकटरने जहाजाचा रंगवलेला पत्रा कापणाऱ्याच्या तोंडाला फडके असते. इतका बारीक धूर फडक्याने अडत नाही. ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली ठरवले. तरीही कंत्राट संपले की कामगाराचे नाव हजेरीपटावरून जाते, कण मात्र त्याच्याबरोबर गावी जातो. म्हणून हवेचे मोजमाप शेडच्या कोपऱ्यात नको, कामगाराच्या कॉलरपाशी झाले पाहिजे. रक्तातील शिशाची तपासणी काम सुटल्यावरही चालू राहिली पाहिजे, आणि तिचा कागद मुकादमाच्या कपाटात न राहता त्याच्या हाती पडला पाहिजे.