हवेतला एक आकडा

कांद्याचा भाव काय, मुलाला ताप किती, विजेचे बिल किती आले, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. पण हवेत कार्बन डायऑक्साइड किती, असे विचारले तर घरातले सगळे गप्प होतात. म्हणून या महिन्यात आम्ही तोच आकडा वाचकांपुढे ठेवत आहोत.

आकडा आहे ४३०. म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ४३० रेणू या वायूचे. अमेरिकेच्या हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर २०२५ च्या मे महिन्याची सरासरी प्रथमच ४३० च्या वर गेली. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी तिथे मोजणी सुरू केली तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. कारखान्यांचे युग येण्यापूर्वी तो २८० च्या जवळ होता. आपल्याकडेही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिंहगडावरच्या हवेत हा वायू मोजला आहे.

पुष्कळांना वाटते, हा म्हणजे धूर. तसे नाही. त्याला रंग नाही, वास नाही आणि एवढ्या प्रमाणात तो श्वासाला बाधत नाही. त्याचा त्रास वेगळा आहे. जमिनीवरून वर जाणारी उष्णता तो गोधडीसारखी अडवून धरतो. धुराचे कण पावसाने धुऊन जातात. हा वायू तसा जात नाही. त्याचा काही भाग शेकडो वर्षे हवेत राहतो. दादा-नानांच्या काळी जळालेल्या कोळशाचा वायू आज आपल्या डोक्यावर आहे आणि आपला नातवंडांच्या डोक्यावर असेल.

घरचा हिशेब पाहा. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलो, पण जळल्यावर वायू होतो सुमारे २.३ किलो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. आपली बरीचशी वीज कोळशावर होते, म्हणून एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम.

कोणी म्हणेल, आम्ही दोन दिवे विझवून काय होणार? प्रश्न रास्त आहे. आजवर साचलेल्या वायूत मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. शेगडीपुढे उभ्या असलेल्या आमच्या माय-बहिणींना आम्ही दोष देणार नाही. लाकडाच्या धुरापेक्षा गॅस त्यांच्या छातीला कितीतरी बरा. उधळपट्टी टाळावीच, पण तेवढ्याने भागणार नाही. वीज कशापासून करायची, शहरात बस किती धावतील, हे सरकार आणि नगरपालिका ठरवतात. आणि ज्याची लोकांना खबर नाही, त्याचा जाब कोणी विचारत नाही.

तेव्हा वाचकांना आमची विनंती एवढीच. हा आकडा मुलांना सांगा आणि दरवर्षी मे महिन्याचा नवा आकडा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मशिदीच्या किंवा शाळेच्या समितीत बसत असाल, तर छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय काढा. मोहल्ल्यात मते मागायला उमेदवार येईल, तेव्हा गटार-पाण्याबरोबर बस आणि विजेचेही विचारा. चार घरांनी विचारले, तर पाचव्या घरी तो उत्तर तयार ठेवून येईल.