सावध कोणापासून?

पनवेल हे रस्त्यांच्या तोंडाशी वसलेले गाव आहे. कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता फुटतो, जुना पुणे रस्ता गावाला लागूनच जातो आणि शीवहून आलेला महामार्ग इथेच येऊन मिळतो. साहजिकच येथून नोकरीसाठी रोज मोटारीने ये-जा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांत अध्यापकही पुष्कळ आहेत. अलीकडे या मंडळींच्या बोलण्यात पगार, परीक्षा आणि पुनर्मूल्यांकन यांच्या जोडीला आणखी एक विषय येऊ लागला आहे. रोजच्या वापरासाठी रडार डिटेक्टर कोणता घ्यावा? पुढे वेग मोजला जात आहे, अशी पूर्वसूचना देणारे हे छोटेसे यंत्र गाडीच्या काचेशी लावतात. वाङ्मयीन चर्चेच्या पानावर या प्रश्नाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो आणि त्याचे समर्थन ज्या सिद्धान्तांच्या आधारे केले जाते, ते शब्द आणि ते सिद्धान्त आपल्याच वर्गातले आहेत. म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे.

प्रथम यंत्राविषयी. वेग मोजणारी रडार गन रेडिओलहरी सोडते. धावत्या गाडीवर आपटून परतलेल्या लहरींची वारंवारता बदललेली असते आणि त्या बदलावरून वेग कळतो. ख्रिस्तियान डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशासंबंधी जे तत्त्व मांडले, तेच येथे मोटारीला लावलेले आहे. या लहरी मोजल्या जाणाऱ्या गाडीपाशी थांबत नाहीत. पसरतात आणि दूरवर जातात. डिटेक्टर म्हणजे त्या लहरी ऐकणारा एक ग्राहक. पुढच्या गाडीवर सोडलेल्या लहरी मागच्या गाडीतल्या डिटेक्टरला आधीच ऐकू येतात, एवढेच त्याचे मर्म. एक्स, के आणि केए हे त्याचे तीन परिचित पट्टे. त्यांतील के पट्ट्यावर दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेही बोलतात आणि बाजूची गाडी ओळखणारी अनेक मोटारींची रडारेही बोलतात. त्यामुळे खोट्या सूचना गाळण्याची क्षमता हा यंत्राच्या निवडीतला मुख्य निकष मानला जातो.

आता हे यंत्र आपल्या रस्त्यावर आणून पाहू. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनांत लेझर स्पीडगन असते. लेझरचा झोत तीनशे मीटरवरसुद्धा साधारण मीटरभरच रुंद असतो. तो नेमका एका गाडीवर पडतो आणि सेकंदाच्या अंशात वेग मोजून मोकळा होतो. काही डिटेक्टर लेझरही ओळखतात, पण त्यांनी आवाज करावा तोवर मोजणी झालेली असते. द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी नवी यंत्रणा सुरू झाली, तीत दोन ठिकाणांच्या दरम्यानचा सरासरी वेगही मोजला जातो. पहिल्या कमानीखालून गाडी केव्हा गेली आणि दुसऱ्या कमानीखालून केव्हा, एवढी नोंद पुरे. बाकी शाळकरी भागाकार. क्रमांकाची पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्यापुढे लहरी ऐकणारे यंत्र काय करणार? तेव्हा खरेदीच्या प्रश्नाला व्यवहारी उत्तर हवे असेल तर ते असे: अमेरिकेत काही शे डॉलरना मिळणारे उत्तमातले उत्तम यंत्रही कळंबोली ते किवळे या सुमारे ९५ किलोमीटरांत फारसे उपयोगी पडणार नाही.

पण हे उत्तर देऊन थांबणे म्हणजे प्रश्नाला बगल देणे होय. उद्या उपयोगी पडणारे यंत्र निघाले तर ते घ्यावे काय?

येथे आपल्यातील सिद्धान्तप्रिय मंडळी एक आकर्षक युक्तिवाद करतात. जेरेमी बेंथम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस कल्पिलेल्या वर्तुळाकार तुरुंगात पहारेकरी मधल्या मनोऱ्यात असतो. कैद्याला तो दिसत नाही, आणि या क्षणी आपल्यावर नजर आहे की नाही, हे कधीच कळत नाही. म्हणून कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. मिशेल फुको याने १९७५ च्या ग्रंथात या रचनेला आधुनिक सत्तेचे प्रारूप मानले आणि गेली तीन-चार दशके एम. ए. च्या वर्गांत आपण ते शिकवीत आलो आहोत. मग रस्त्यावरचा कॅमेरा म्हणजे तो मनोरा आणि डिटेक्टर म्हणजे कैद्याने मनोऱ्याच्या खिडकीला पाडलेले भोक, अशी मांडणी सुचायला वेळ लागत नाही. नजर केव्हा आहे आणि केव्हा नाही हे कळले की सत्तेची जरब संपली. रडार डिटेक्टर हे प्रतिकाराचे साधन ठरते.

मांडणी डौलदार आहे, पण ती संहिता न वाचता केलेल्या समीक्षेसारखी आहे. येथे संहिता म्हणजे नियम. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम घालण्यात आला. ज्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक यंत्राने देखरेख होणार, त्याच्या आधी तसा ठळक फलक असलाच पाहिजे, असे तो सांगतो. म्हणजे या मनोऱ्यातला पहारेकरी ‘मी येथे बसलो आहे’ अशी पाटी लावून बसतो. बेंथमच्या रचनेचा प्राण अनिश्चिततेत होता. येथे कायद्यानेच ती काढून टाकली आहे. जे फलकावर लिहिलेले आहे तेच कळावे म्हणून पैसे मोजणे, याला प्रतिकार म्हणता येत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बेंथमचा कैदी कोठडीत एकटा असतो. त्याने हालचाल केली तर शेजारच्या कोठडीतल्याचे हाड मोडत नाही. मोटारचालक मात्र टनभराहून अधिक वजनाचे लोखंड इतरांच्या मधून फेकीत चाललेला असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, १२० ने ३३ मीटर. वेग पाचव्या हिश्श्याने वाढला तरी आघाताची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि मिळकत काय? तीस किलोमीटरांना १८ मिनिटांऐवजी १५. त्या तीन मिनिटांची किंमत बिघडलेला ट्रक कडेला लावून चाक बदलणारा क्लीनर, दुभाजकावर झाडांना पाणी घालणारे मजूर, जुन्या रस्त्यावर फाट्याशी एसटीची वाट पाहणारी बाई यांच्या खात्यातून वळती होते. नजर चुकविण्याच्या चर्चेत दोनच पात्रे असतात, मी आणि पोलीस. हे तिसरे पात्र त्या कथनातून वगळलेले असते. उपेक्षितांचे साहित्य शिकविणाऱ्यांना ही अनुपस्थिती खुपायला हवी.

कायदा मोडणे हा काही वेळा प्रतिकार असतो, हे रायगडातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. पनवेलच्या शेजारी, उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसे बळी गेली. ती माणसे जंगलचा कायदा मोडायला निघाली होती. पण उघडपणे, दिवसाढवळ्या, परिणाम भोगण्याच्या तयारीने. कायदा अन्याय्य आहे, हे त्यांना जगाला सांगायचे होते. डिटेक्टर लावणाऱ्याचे असे काहीच म्हणणे नसते. वेगमर्यादा सर्वांना असावी, विशेषतः आपल्या मुलांच्या शाळेसमोर असावी, असे तोही मानतो. फक्त ती त्याच्यापुरती नको असते. ही सवलतीची इच्छा आहे. तिला प्रतिकार म्हणणे हे त्या शब्दाचे अवमूल्यन आहे.

यावर कोणी डिपरचे उदाहरण देईल. गोव्याच्या रस्त्यावर किंवा जुन्या पुणे रस्त्यावर समोरून येणारा अनोळखी चालक दिव्यांची उघडझाप करतो आणि आपण वेग कमी करतो. मग तो डिपर आणि हे यंत्र यांत फरक काय? फरक मोठा आहे. ‘पुढे मामा आहेत’ एवढाच डिपरचा अर्थ नसतो. पुढे दरड आली आहे, म्हैस आडवी आली आहे, टँकर उलटला आहे, तुमचे दिवे डोळ्यांवर येत आहेत, यांपैकी काहीही त्यात असू शकते. अर्थाची ही संदिग्धता हेच त्याचे मोल आहे. कारण कळत नसल्यामुळे चालकाला सर्वच शक्यतांसाठी जागे व्हावे लागते. शिवाय ती माणसाने माणसाला दिलेली खूण आहे. डिटेक्टर एकार्थी आहे. वळणापलीकडे उभा राहिलेला ट्रक त्याला ऐकू येत नाही, कारण ट्रक लहरी सोडत नाही. मृत्यूपाशी तो मुका राहतो आणि दंडापाशी बोलतो. कायद्यानुसार हलक्या वाहनाच्या अतिवेगाचा तो दंड १,००० ते २,००० रुपये आहे.

भाषेच्या अभ्यासकाने येथे ‘सावध’ या शब्दाकडे पाहावे. अवधानासह असणारा तो सावधान. अवधान म्हणजे लक्ष, आणि तेही आपले स्वतःचे. लग्नमंडपातला ‘सावधान’ ऐकून नारायण नावाचा मुलगा पळाला आणि पुढे रामदास झाला, ही आख्यायिका मराठी मनाने जपली, कारण त्या एका शब्दाने त्याला स्वतःविषयी जाग आली असे आपण मानतो. डिटेक्टरच्या सावधपणात हे आत वळणे नाही. दुसऱ्याचे लक्ष कोठे आहे याकडे आपले लक्ष लावणे, इतकाच त्याचा अर्थ. जर्मनीत अशा यंत्राच्या वापराला बंदी आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत खासगी मोटारीत ते चालते, व्हर्जिनियात आणि वॉशिंग्टन डी. सी. मध्ये चालत नाही. आपल्याला अधिक बोधक आहे तो फ्रान्सचा निर्णय. तेथे २०१२ मध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रांना मनाई झाली. उत्पादकांशी झालेल्या तडजोडीनुसार ती यंत्रे ‘धोक्याचा टापू’ सांगू लागली. महामार्गावर हा टापू चार किलोमीटरांपर्यंत लांब असू शकतो. शब्द बदलला आणि त्याबरोबर चालकाचे वर्तनही बदलावे अशी अपेक्षा ठेवली गेली. बिंदूऐवजी टापू सांगितला की कॅमेऱ्यापुढे ब्रेक दाबून पुन्हा पळण्याची सोय उरत नाही. शब्दयोजना हा धोरणाचा भाग असतो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

खरे म्हणजे सूचना देणारे एक यंत्र आपल्या नव्या गाड्यांत आधीच बसविलेले आहे. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींना वेगाचा इशारा सक्तीचा झाला. काटा ८० ओलांडतो तेव्हा तो अधूनमधून वाजतो आणि १२० नंतर सतत. या बीपविषयी कुरकुर करणारे पुष्कळ आहेत आणि ती बंद करून घेण्याची युक्ती शोधणारेही आहेत. फुकट मिळालेला भोंगा नकोसा आणि विकतचा हवासा, या विसंगतीत सगळे मर्म आहे. पहिला भोंगा ‘तू वेगात आहेस’ असे सांगतो. दुसरा ‘तुला कोणीतरी पाहत आहे’ असे सांगतो. आपल्याविषयीचे विधान आपल्याला खुपते. दुसऱ्याविषयीची बातमी मात्र आपण पैसे देऊन घेतो.

हा रस्ता मराठी रंगभूमीला परका नाही. भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ रोजी याच द्रुतगती मार्गावरील अपघातात गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन नट, आणि पेंडसे यांचा लहानगा मुलगा, याच मार्गावर गेले. त्या अपघातांची कारणे सांगण्याचा येथे हेतू नाही आणि त्या चालकांवर वेगाचा ठपका ठेवण्याचा तर मुळीच नाही. एवढेच सांगायचे आहे की प्रयोग, चित्रीकरण आणि दौरे यांसाठी मुंबई-पुणे करणारी आपली माणसे या रस्त्यावर रात्री-अपरात्री असतात. आपण ज्यांच्या भूमिकांवर टिपणे लिहून देतो, ती मागच्या-पुढच्या गाडीत असतात. तिसरे पात्र म्हटले ते हेही.

याचा अर्थ कॅमेऱ्यापुढे नागरिकाने मान खाली घालून उभे राहावे असा नाही. यंत्रणेविषयी तक्रारी आहेत आणि त्यांतल्या कित्येक रास्त आहेत. वेगमर्यादा एकाएकी घसरते आणि तिचा फलक झाडाआड असतो. एकाच्या चुकीचे ई-चलान दुसऱ्याच्या क्रमांकावर जाते. पण या लढाईची शस्त्रे त्याच १६७-अ मध्ये आहेत. यंत्राला राज्य शासनाच्या अधिकृत संस्थेचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. गुन्ह्यापासून १५ दिवसांच्या आत सूचना पाठविली पाहिजे. फलक तर हवाच. प्रमाणपत्र दाखवा, फलक कोठे होता ते दाखवा, असे लेखी विचारणे कंटाळवाणे आहे, पण त्याचा लाभ आपल्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. डिटेक्टरचा लाभ फक्त त्याच्या मालकाला मिळतो, आणि तोही मिळाला तर.

तेव्हा रोजच्या प्रवासासाठी यंत्र निवडायचे असेल तर निकष एकच ठेवावा: ते कोणाविषयी बोलते? आपल्या वेगाविषयी बोलणारे असेल तर घ्यावे. फोनवरच्या नकाशात अनेक ठिकाणी वेगमर्यादेचा आकडा दिसतो, तोही चालेल. गाडीत आधीपासून असलेली बीप तर उत्तम. दुसऱ्याच्या नजरेविषयीच बोलणारे यंत्र मात्र दुकानातच राहू द्यावे. आणि ते राहू देण्याचे कारण विद्यार्थ्यांना सांगताना फुकोचे नाव अवश्य घ्यावे. फक्त त्याआधी त्यांना नियम १६७-अ वाचायला द्यावा.