विश्लेषण : आलेखाभोवतीची कोरी जागा कशी हटवायची?

संगणकावर नीटनेटका दिसणारा आलेख मोबाइलवर उघडला, की मधोमध आक्रसतो आणि भोवती पांढरे पट्टे उरतात. नकाशा, उपग्रहचित्र किंवा एक्स-रे असेल, तर हवा तो तपशीलच दिसेनासा होतो. हा दोष फोनचा नाही, चित्र साठवण्याच्या पद्धतीचा आहे.

कोरी जागा येते कुठून?

पायथन भाषेतील ‘मॅटप्लॉटलिब’ हे आलेख काढण्याचे लोकप्रिय आणि मोफत सॉफ्टवेअर. मेंदूविज्ञानाचे संशोधक जॉन हंटर यांनी ते तयार केले आणि २००३ मध्ये खुले केले. वेगळी सूचना नसेल, तर त्यातील चित्र ६.४ बाय ४.८ इंचांचे असते. अक्षांवरचे आकडे, एकके आणि शीर्षक मावावे, म्हणून डावीकडे १२.५, उजवीकडे १०, खाली ११ आणि वर १२ टक्के जागा राखलेली असते. आलेखाच्या वाट्याला जेमतेम ६० टक्के क्षेत्रफळ येते. चौरस छायाचित्राला तर ४५ टक्केही मिळत नाही. मूळ छायाचित्र १००० बाय १००० पिक्सेलचे असले, तरी साठवलेल्या फाइलमध्ये ते सुमारे ३७० बाय ३७० पिक्सेलचे होते.

उपाय काय?

‘सेव्हफिग’ ही साठवण्याची आज्ञा देताना ‘बीबॉक्स इंचेस’ या पर्यायापुढे ‘टाइट’ लिहिले, की बहुतेक कोरी जागा कापली जाते. तरीही ०.१ इंचाची कड राहते. ‘पॅड इंचेस’ शून्य केल्यावर तीही जाते. केवळ छायाचित्रच हवे असेल, तर अक्ष आधी बंद करावे लागतात.

यात अडचण कोणती?

‘टाइट’मुळे फाइलची लांबी-रुंदी बदलते. एकाच धरणाची दोन वर्षांची उपग्रहचित्रे अशी साठवली, तर ती एकमेकांवर तंतोतंत बसतीलच असे नाही. तेथे ‘इमसेव्ह’ ही आज्ञा वापरावी. त्यात विदेच्या प्रत्येक घराला एक पिक्सेल मिळतो आणि समास येतच नाही.

मोबाइलवर कापले तर?

घाईत चित्र कापताना अक्षांवरचे आकडेही जातात. मग आकडा हजारांत आहे की लाखांत, अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही, हे वाचकाला कळत नाही आणि किरकोळ वाढही मोठी झेप वाटू शकते. कोरी जागा जरूर कापावी. आकडे आणि एकक मात्र चित्रातच राहायला हवे.