शिवणीतील राखीव कापड

लग्नघरातील खर्चाची यादी मांडताना दागिने, मंडप, भोजन आणि मानपान यांच्या रकमा ठळक अक्षरांत लिहिल्या जातात. शिलाई मात्र यादीच्या तळाशी ‘किरकोळ’ या सदरात जाऊन बसते. वस्तुतः हजारो रुपयांची घागरा-चोळी वधूच्या अंगावर शोभणार की दिवसभर सलणार, हे त्याच किरकोळ रकमेवर अवलंबून असते.

कर्जत, राशीन, मिरजगाव येथील कुटुंबे बस्ता बांधण्यासाठी अहिल्यानगर, बारामती किंवा पुणे गाठतात. तयार कपडे ठरावीक मापांत येतात. माणसाचे शरीर तसे येत नाही. साखरपुडा आणि विवाह यांत सहा महिने लोटले, तर घेतलेले मापही बदलते. मग घरातील वडीलधारी मंडळी सहज बोलून जातात, “थोडे कमी जेव, म्हणजे चोळी बसेल.” बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, परंतु ऐकणारी मुलगी अर्धपोटी ताटावरून उठू लागते. जैन परंपरेतील उपवास आणि उणोदरी ही आत्मशुद्धीसाठी स्वेच्छेने स्वीकारलेली तपे आहेत. चोळीच्या धास्तीने होणारी उपासमार त्यांत मोडत नाही. उसवायची ती शिवण. मुलीचे मन नव्हे.

बँक कर्ज देताना मार्जिन राखते, तसेच जाणता शिंपीही शिवणीच्या आत मार्जिन राखतो. खरेदीच्या वेळी चोळी उलटी करून ते पाहावे. दोन्ही बगलांच्या शिवणींत मिळून कापडाच्या चार कडा असतात. प्रत्येक कडेला एक इंच कापड असेल आणि नवी शिवण टिकण्यासाठी त्यातील अर्धा इंच मागे राखला, तर एकूण घेर दोन इंच वाढतो. अस्तरातही तेवढेच कापड हवे. अन्यथा वरचे कापड सैल होऊनही चोळी आवळतेच. मार्जिन नसेल, तर बगलेखाली त्याच रंगाची पट्टी जोडता येते. हात खाली असताना ती फारशी दिसत नाही.

दुरुस्तीचा क्रम खांद्यापासून धरावा, कारण चोळीचा सारा तोल तेथे असतो. खांदा उतरत असेल, तर कंबर कितीही आवळली तरी उपयोग होत नाही. घेर कमी करताना दोन्ही बाजूंनी सारखे कापड आत घ्यावे. अन्यथा पुढची नक्षी एका बाजूला सरकते. घागऱ्याच्या खालच्या काठावर भरजरी काम असल्यास उंची शक्यतो कमरेकडून कमी करावी, तीही लग्नात घालायची पादत्राणे पायांत असताना मोजून. पहिली शिवण कच्च्या टाक्यांची असावी. ती घालून वधूने बसून पाहावे, वरमालेसाठी हात उंचवावेत, थोरांच्या पाया पडण्यासाठी वाकून पाहावे. आरशासमोर ताठ उभे राहून घेतलेली परीक्षा अपुरी ठरते.

आईचा शालू किंवा तिची चोळी मुलीने नेसावी, ही इच्छा आता अनेक घरांत दिसते. 17 जुलै 2020 रोजी विंडसर येथे इंग्लंडच्या राजकुमारी बिआट्रिस यांनी आपल्या आजीचा, राणी एलिझाबेथ यांचा, 1960 च्या दशकातील जुना पोशाख बाह्या जोडून आणि मापाचा करून विवाहात परिधान केला. राजघराण्याला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे? नव्या रेशमासाठी होणारी कीटकांची हिंसा ज्यांना खुपते, त्यांना तर जुने वस्त्र पुन्हा वापरण्यात अधिकच समाधान लाभेल. मात्र उसवण्यापूर्वी शालूच्या घड्या उजेडात धरून पाहाव्यात. रेशीम आणि जर तेथेच आधी विरते. जुन्या शिवणीची छिद्रे रेशमावर राहतात, ती झाकण्यासाठी जरीची पट्टी लावता येते. उसवलेले पुन्हा शिवता येते, कापलेले पूर्ववत होत नाही. म्हणून कात्री शेवटी.

वेळेचेही भान हवे. आषाढात गोदड महाराजांची रथयात्रा होते, तेव्हा चातुर्मास सुरू झालेला असतो आणि विवाह थांबलेले असतात. हेच शिंप्याला उसंत असण्याचे दिवस. दिवाळीनंतर त्याच्याकडे कपड्यांचे ढीग लागतात आणि प्रत्येकाला काम उद्याच हवे असते. मोठे बदल चातुर्मासातच उरकावेत. अखेरचे माप लग्नाआधी दोन आठवडे तपासावे.

आणि एक हिशेब चोख असावा. दिव्याखाली बसून एकेक टाका उसवणे हे नव्याने शिवण्याहून जिकिरीचे काम आहे. दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणाऱ्यांनी गावच्या कारागिराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नये. विवाहाच्या दिवशी वधू मोकळा श्वास घेते आणि समाधानाने दोन घास जेवते, त्यात त्याच्या हाताचाही वाटा असतो.