पुसायचं असेल तर नाव सांगा

संगणकापुढे माणूस काय चीज आहे, असं म्हणणाऱ्याला एकदा आमच्या काउंटरवर बसवा आणि एक खातं बंद करायला सांगा. संध्याकाळी तो डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवर, मान खाली घालून बसलेला सापडेल.

कल्याणच्या एक आजी आमच्या ठाण्याच्या शाखेत यायच्या. यजमान गेलेले, नॉमिनी त्या स्वतः, कागद चोख. मी बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं : 'अवलंबून नोंद अस्तित्वात आहे. कृती नाकारली.' कुठली नोंद? त्यावर मौन. आमच्या लग्नात मामंजींनीसुद्धा इतकं कडक मौन पाळलं नव्हतं.

मदत कक्षाला फोन केला. "कॅश साफ करा," ते म्हणाले. हेड कॅशिअर दचकून तिजोरीकडे धावले. तो 'कॅश' म्हणजे संगणकाने साठवून ठेवलेला जुना पसारा, हे त्यांना समजावण्यात माझा चहा निवला. पसारा साफ झाला, लाल अक्षरं तशीच. आजींची तिसरी खेप झाली.

शेवटी सापडलं काय? यजमानांनी लॉकर केव्हाच सोडला होता, पण त्याचं भाडं या खात्यातून वळतं करण्याची सूचना जिवंत होती. आधी ती रद्द करायची, मग खातं. आधी पोरं, मग बाप. पाच मिनिटांचं काम!

यंत्राने नकार दिला याबद्दल माझी तक्रार नाही, बरं का. मी कॉमर्सचा पदवीधर. १४९४ साली व्हेनिसमध्ये पाचोलीने दुहेरी नोंदीची पद्धत छापली, तेव्हापासून आमच्या धंद्यात चुकीची नोंद खोडरबराने जात नाही, उलट नोंदीने जाते. कॉडसाहेबांनी १९७० साली तक्त्यांची जी मांडणी सुचवली, तिच्यातही एका तक्त्याचा दुसऱ्यावर भार असेल तर खालचा खांब काढू देत नाहीत. योग्यच आहे. "मागच्या दाराने उडवून टाकू" म्हणणारे वीर आमच्याकडेही निघाले. उडवलं असतं तर ती भाड्याची सूचना दरवर्षी नसलेल्या खात्याचं दार ठोठावत बसली असती.

माझं भांडण पडदा रंगवणाऱ्यांशी आहे. नकार देण्यासाठी यंत्राने ती नोंद पाहिलेली असते. मग तिचं नाव का गिळता? म्हणे, आतल्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत. अहो, मी पासवर्ड टाकून आत बसलोय, खिडकीतून डोकावत नाही! आणि तुमच्या या सोवळ्यापायी कंटाळून आजी यायच्या थांबल्या तर? दहा वर्षं खात्याला कोणी हात लावला नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालच्या ठेवीदार निधीत जातात. तिथून ते परत मिळतात, पण त्यासाठी पुन्हा आमच्याच काउंटरवर यावं लागतं.

चौथ्या खेपेला आजींनी सही केली. म्हणाल्या, "म्हणजे आता यांचं नाव कुठेच नाही?"

"आहे आजी. खातं बंद झालं, नोंद राहते."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून स्टेशनकडे निघाल्या.